सरकार पडलं, बाप्तिस्मा शनिवारी

बुधवारी सकाळी सात वाजता आलेक्सांद्रा रात्रपाळी संपवून घरी आली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच जिना चढताना तिने गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडली नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची एकतीस वर्षं गेली होती. देशात काय चाललंय ते आपल्याला पंतप्रधानांच्या आधी कळतं, असं ती नेहमी सांगायची. काल रात्री ते अक्षरशः खरं ठरलं, कारण काल रात्री बराच वेळ देशाला पंतप्रधानच नव्हता.

"दादा, गेले," ती दारातूनच म्हणाली.

कोस्तासने कॉफीचं भांडं विस्तवावरून उतरवलं. वार्सामिस घराण्यात या वाक्यावर रडायचं की नाही, हे आधी विचारून घ्यावं लागे. "आपल्यातलं कोण?"

"आपल्यातलं कोणी नाही. सरकार. सात वर्षांचं लष्करी राज्य, गाशा गुंडाळून मोकळं झालं. पॅरिसहून जुने पंतप्रधान विमानाने आले, पहाटे चारला शपथ झाली. अथेन्समध्ये लोक रस्त्यावर नाचतायत. मी रात्रभरात चारशे फोन जोडले. त्यातल्या निम्म्यांना बोलायचं काहीच नव्हतं, नुसते दोन्हीकडून रडत होते. मीही लाइन तोडली नाही."

खाली चौकात मोटारींचे भोंगे सुरू झाले होते. सेंट जॉर्ज चर्चच्या घंटेला कोणीतरी सणावारासारखं बडवत होतं. कोस्तासची बायको मारिगो खिडकीशी गेली, बाहेर पाहिलं, आणि घरातल्या सगळ्यांच्या मनात असलेलं पण कोणी तोंडातून न काढलेलं बोलून गेली.

"मग शनिवारचं काय?"

शनिवारी नातवाचा बाप्तिस्मा होता. एकशे चाळीस माणसांना आमंत्रणं गेली होती. साखरेत घोळवलेले बदाम पाच-पाचच्या पुरचुंड्यांत बांधून तयार होते. आणि धर्मपिता म्हणून ठरले होते कर्नल स्ताइकोस, नाफ्प्लिओच्या छावणीचे प्रमुख. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत गावाचे मालक.

आतल्या खोलीतून लेमोनिया बाळाला खांद्यावर टाकून आली. तिचा नवरा, म्हणजे या घरचा एकुलता मुलगा यान्नीस, चार दिवसांपूर्वी सायप्रसच्या गडबडीत फौजेत बोलावला गेला होता आणि सध्या तुर्की सीमेवर कुठल्यातरी खंदकात बसून होता. त्याच्या मताची कोणालाच अडचण नव्हती.

"आत्या," ती म्हणाली, "माझ्या भावाचं काय?"

"राजकैद्यांना सोडतायत. हुकूम आज निघेल. मी दोनदा ऐकून घेतलंय."

"ऐकून घेतलंस?" कोस्तास म्हणाला.

"जोडताना कानावर पडतं, दादा. कान काढून ठेवायची सोय सरकारने केलेली नाही."

लेमोनिया खुर्चीवर बसली. तिचा भाऊ व्हांगेलिस फेब्रुवारीपासून यारोस बेटावर होता. शाळामास्तर होता, आणि वर्गात एक प्रश्न विचारला एवढंच त्याच्यावर सिद्ध झालं होतं. जूनमध्ये कोस्तासने तोडगा काढला: कर्नलसाहेबांना धर्मपिता करायचं. धर्मपिता म्हणजे रक्ताच्या वरचं नातं. नात्यातला माणूस बेटावर सडतोय हे कुठला कर्नल बघत बसेल? कर्नलसाहेबांनी होकार दिला, पत्र लिहितो म्हणाले, चौथ्या दिवशी पांढरा अंगरखा, सोन्याचा क्रूस आणि हातभर उंचीची मेणबत्ती पाठवून दिली. सोबत निरोपही आला. नाव ते दिमित्रिस ठेवणार. अथेन्समध्ये पडद्याआडून सरकार चालवणाऱ्या ब्रिगेडियरांचं.

हा निरोप ऐकून कोस्तास एक दिवस जेवला नव्हता. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, ही काही कोणी लिहून ठेवलेली गोष्ट नाही, लिहायची गरजच कधी पडलेली नाही. पण चर्चमध्ये नाव उच्चारतो तो धर्मपिता, आणि त्याच्या तोंडून निघालेलं नाव पुसता येत नाही. कोस्तासने आपलं नाव गिळलं आणि सुनेच्या भावासाठी गप्प बसला. लेमोनियाही गप्प बसली. घरात दोन माणसं एकाच कारणासाठी गप्प बसलेली असली की फार आवाज होतो.

"आता झालं," लेमोनिया म्हणाली. "सौदा संपला. धर्मपिता व्हांगेलिस होईल."

"शब्द दिलाय," कोस्तास म्हणाला.

"कोणाला? ते तर गेले."

"या देशात गेलेला कोण राहिलाय गेलेला?" कोस्तासने खालच्या दुकानाकडे बोट दाखवलं. खाली तसबिरींचं दुकान होतं. शाळा, कचेऱ्या, न्यायालय, सगळ्यांच्या भिंतीवरचा राज्यकर्ता शंभर वर्षं वार्सामिसांच्याच चौकटीत बसत आला होता. उतरवलेल्यांपैकी एकही कोस्तासने फेकला नव्हता. माळ्यावर सगळे ओळीने उभे होते, भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. "माझ्या नावाचा राजा, कोन्स्तान्दिनोस, सतरा सालाला गेला, विसाला आला, बाविसाला पुन्हा गेला. त्याचा मुलगा गेला, प्रजासत्ताक आलं, मुलगा परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मी काच पुसून ठेवतो, इतकंच."

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. जिल्हा कचेरीतला कारकून विचारत होता की राष्ट्राध्यक्षांची तसबीर उतरवायची का. म्हणजे सरकार लष्कराचं होतं, राष्ट्राध्यक्ष त्यातलेच जनरल, पण नव्या पंतप्रधानांना पहाटे शपथ दिली ती त्यांनीच.

"राहू द्या," कोस्तास म्हणाला, "पण खिळा ढिला ठेवा."

तो वर आला तेव्हा बायकांचं संगनमत झालं होतं. मघापर्यंत नवऱ्याच्या शब्दाच्या बाजूने असलेली मारिगो आता बदामांच्या बाजूने होती: बाप्तिस्मा शनिवारीच, धर्मपिता कोणी का असेना. आलेक्सांद्रा उघडपणे सुनेच्या गोटात गेली होती. आणि लेमोनियाने शेवटचा पत्ता टाकला.

"बाबा, व्हांगेलिस धर्मपिता झाला, तर नाव तुमचं ठेवू. कोन्स्तान्दिनोस. कर्नल ठेवणार नाही, माझा भाऊ ठेवील."

कोस्तासने कॉफी पुन्हा विस्तवावर ठेवली. विस्तव केव्हाच विझला होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

*

गुरुवारी दुपारी कर्नल स्ताइकोस दुकानाच्या मागच्या दाराने आले. अंगात तपकिरी सूट, बाह्या आखूड. गणवेशाशिवाय ते विमा एजंटासारखे दिसत होते, तोही महिना संपत आलेला असताना.

मारिगोने सवयीने त्यांच्यासमोर आंबट चेरीचा मुरंबा आणि थंड पाणी ठेवलं. सरकार पडलं म्हणून कोणी आल्यागेल्याचा मुरंबा बंद करत नाही.

"शनिवारी अकराला ना?" कर्नल म्हणाले.

लेमोनिया उभीच होती. जूनपासून ती या माणसाला मनातल्या मनात जे बोलत आली होती, त्यात एकही वाक्य इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"पत्र पाठवलंत का तुम्ही?" ती म्हणाली. "माझ्या भावाचं."

"पत्र तयार आहे. सही बाप्तिस्म्यानंतर करणार होतो."

"म्हणजे सात आठवडे ते तुमच्या खणात पडून होतं."

"वरच्या खणात," कर्नल म्हणाले. खालच्या खणातल्या पत्रांची अवस्था याहून वाईट असावी.

"मग आज कशाला आलात? आज काय अडलंय तुमचं?"

कर्नलसाहेबांनी पाण्याचा ग्लास थोडा फिरवला. "चौकशा लागतील म्हणतात. त्यात कोणी विचारलं, तर यारोसवरच्या माणसाचा भाचा आमचा धर्मपुत्र आहे, असं सांगता आलं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची सवय नसावी. इतके दिवस खालचे लोक पुरं करत.

लेमोनियाला एकदम हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर तिची भीती गेली. फेब्रुवारीत भावाला न्यायला आलेली जीप, जूनमधली दोन तासांची भेट, ते "बघतो, बघतो." या माणसाला ती घाबरली होती. तो आता चमच्याला चिकटलेली चेरी सोडवायला धडपडत होता.

ती आत गेली आणि खोका घेऊन आली. पांढरा अंगरखा, त्यावर क्रूसाची डबी. खोका टेबलावर ठेवला.

कर्नल तिच्याकडे न बघता कोस्तासकडे वळले. "कोस्तासभाऊ, तुम्ही शब्द दिलाय मला. माणसाच्या शब्दाला काही किंमत असते."

खोलीत सगळे कोस्तासकडे बघू लागले. आलेक्सांद्राने तर श्वासही रोखला. दादाच्या मनात काय चाललंय ते तिला दिसत होतं: माळ्यावरची रांग, परत आलेले राजे, परत आलेले सेनापती, पुसून ठेवलेल्या काचा. तो आता म्हणणार, बघू. जन्मभर त्याने तेच म्हटलं होतं.

कोस्तास उठला. कोपऱ्यात ती हातभर उंचीची मेणबत्ती रेशमी फितीसकट उभी होती. खोक्यात ती मावत नव्हती. ती उचलून त्याने कर्नलसाहेबांच्या काखेत दिली.

"ही राहिली होती," तो म्हणाला.

मारिगोने बदामांची एक पुरचुंडी खोक्यावर ठेवली. आमंत्रित होते, बदाम पोचायला हवेत. कर्नल काखेत मेणबत्ती आणि हातात खोका घेऊन उभे राहिले.

"मागच्या दाराने गेलो तर चालेल?"

"आलात तसेच," लेमोनिया म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी आलेक्सांद्राने एक्स्चेंजमधून घरी फोन केला आणि वरिष्ठांच्या देखत बेशिस्तीने ओरडली की बेटावरची बोट बंदराला लागली, उतरणाऱ्यांत व्हांगेलिस आहे, आणि तो संध्याकाळच्या पाचच्या बसने येतोय. लेमोनियाने फोन ठेवला, बाळाला उचललं आणि स्वयंपाकघरात गोल गोल फिरत राहिली. मारिगो आपल्या लग्नातली चादर फाडून तिचा अंगरखा शिवत होती. एरवी त्या चादरीला ती कोणाला हात लावू देत नसे.

कोस्तास दुकानात होता. हातात पट्टी होती, पण तो काही मोजत नव्हता. तो मनात नाव म्हणून बघत होता. कोन्स्तान्दिनोस वार्सामिस, नातू. बरं वाटत होतं.

पाद्री पापाफोतिस आत आले. त्यांच्यामागे दाराबाहेर कॉफीहाउसमधले दहाबारा जण थांबले, दर्शनाला आल्यासारखे.

"धर्मपिता ठरला म्हणे," पाद्री म्हणाले.

"सुनेचा भाऊ. पाचला येतोय."

"फार चांगलं झालं. आणि नाव?"

कोस्तासने घसा साफ केला. "माझं."

पाद्रीबुवा स्टुलावर बसले. "कोन्स्तान्दिनोस."

"आजोबांचं नाव. रीत आहे."

"रीत आहे. नव्या पंतप्रधानांचं नाव काय रे, कोस्तास?"

कोस्तासची पट्टी खाली आली. तीन दिवस रेडिओ दर अर्ध्या तासाला ते नाव घेत होता, आणि तीन दिवस कोस्तासने त्यात फक्त स्वतःचं नाव ऐकलं होतं.

"तो योगायोग आहे," तो म्हणाला.

"तुमच्या घरात तो नेहमीच असतो," पाद्री शांतपणे म्हणाले. "सतरा सालच्या मे महिन्यात तुझा बाप्तिस्मा झाला. धर्मपिता जिल्हाधिकारी. त्याने राजाचं नाव ठेवलं. जूनमध्ये राजा बोटीत बसून परदेशी. विरोधकांचं राज्य आलं आणि तीन वर्षं तुला घरात नुसतं 'बाळ' म्हणत होते, कारण नाव घ्यायची सोय राहिली नव्हती. वीस साली तुझ्या बहिणीला नव्या राजाचं नाव दिलं, आलेक्सांद्रा. महिन्याभरात राजाला माकड चावलं आणि तो मेला."

"माकडाला आम्ही शिकवलं नव्हतं."

"मी कुठे म्हणतोय? चाळीसच्या नाताळात तुझ्या मुलाला मी स्वतः पाण्यात बुडवलं. हुकूमशहांचं नाव, यान्नीस. जानेवारी संपायच्या आत हुकूमशहा गेले. जूनमध्ये हे कर्नल दिमित्रिस ठेवणार म्हणाले आणि..." पाद्रींनी हात वर केला. "या खेपेला तर बाप्तिस्म्यापर्यंतही थांबलं नाही. नुसतं ठरवल्यावरच पडलं."

बाहेरून न्हावी म्हणाला, "त्याबद्दल गाव तुमचं आभारी आहे, कोस्तासभाऊ. पण आता आवरा."

"दहा वर्षांत मत दिलेलं नाही आम्ही," आणखी कोणीतरी म्हणालं. "एकदा तरी देऊ द्या. मग ठेवा काय ठेवायचं ते."

"मी देवाचा माणूस," पापाफोतिस म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण सरकार तीन दिवसांचं आहे आणि तुझं पोर चार महिन्यांचं. दोघांत नाजूक कोण ते तूच बघ."

कोस्तास संतापला. तो सहसा संतापत नसे, त्यामुळे त्याला ते नीट जमलं नाही. "सत्तावन्न वर्षं मी दुसऱ्याचं नाव वापरतोय," तो म्हणाला. "राजा आला की लोक मला सलाम करायचे, राजा गेला की माझ्या दुकानावर दगड यायचे. मी काय केलं होतं? आता कुठे तो राजाही गेला, त्याचा नातूही लंडनमध्ये जाऊन बसला, आणि हे नाव माझं एकट्याचं झालं. तर पॅरिसहून विमान येतं."

न्हाव्याने टोपी काढली, दुखवट्याला आल्यासारखी.

"तुझ्या आजोबांना मी पाहिलंय," पाद्री उठता उठता म्हणाले. "सतरा साली मी सात वर्षांचा होतो. तुझं नाव ऐकलं आणि म्हातारा भरल्या चर्चमधून उठून बाहेर गेला. तीन दिवस कोणाशी बोलला नाही. सगळ्यांना वाटलं, राजाचा विरोधक आहे." ते दारापाशी थांबले. "तसं काही नव्हतं. त्याला फक्त रीत हवी होती."

*

व्हांगेलिस पाचच्या बसने आला तेव्हा चौकात इतकी गर्दी होती की लेमोनियाला तो आधी दिसलाच नाही. उन्हाने काळा पडलेला, गालफडं बसलेली, हातात दोरीने बांधलेली पुठ्ठ्याची पेटी. ती त्याच्या गळ्यात पडली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "कर्नलशी सोयरीक करत होतीस म्हणे?"

"तुझ्यासाठी."

"मला बेट बरं वाटलं असतं," तो म्हणाला, आणि दोघं रडता रडता हसले.

घरी आल्यावर यान्नीसचं जाकीट त्याला चढवून बघितलं. खांदे सैल पडत होते. कोस्तास म्हणाला, टाचणी लावतो, आणि त्याला खिडकीशी घेऊन गेला. टाचण्या लावता लावता त्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. व्हांगेलिसने चमकून त्याच्याकडे पाहिलं. कोस्तासने मान हलवली आणि पुढची टाचणी लावली.

आलेक्सांद्रा चार पावलांवर होती आणि तिला एक अक्षरही ऐकू आलं नाही. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

*

शनिवारी आई चर्चच्या आत गेली नाही. नाव जाहीर होईपर्यंत आईने अंगणातच थांबायचं आणि नाव तिच्याकडे धावत यायचं, अशी या घरातली चाल. लेमोनिया लिंबाच्या झाडाखाली उभी होती. आतून पापाफोतिसांचा आवाज येत होता. सैतानाचा धिक्कार करायला सांगितल्यावर व्हांगेलिस रीतीप्रमाणे तीनदा थुंकला, जरा जास्तच मनापासून.

तिने नाव तोंडात घोळवून ठेवलं होतं. कोन्स्तान्दिनोस. सासऱ्याला शब्द दिला होता आणि तो पाळला जाणार होता. गावात काय कुजबुज चाललीय ते तिच्या कानावर आलं होतं. तिने ठरवलं होतं की सरकारने आपलं आपण बघावं.

आत एकदम शांतता झाली. एकशे चाळीस माणसं आणि आमंत्रण नसलेली निदान शंभर, सगळ्यांनी मिळून श्वास धरला होता. मग एक शब्द झाला, तो तिला कळला नाही. मग असा आवाज उठला की लिंबावरच्या चिमण्या उडाल्या. दारातून पोरांचा घोळका धावत सुटला, आणि त्यांच्या सगळ्यांच्या पुढे, बूट हातात घेऊन, चोपन्न वर्षांची आलेक्सांद्रा.

"अनार्गिरोस," ती धापा टाकत म्हणाली.

"कोण?"

"तुझा मुलगा. अनार्गिरोस. आमच्या आजोबांचं नाव. दादाला मिळायचं होतं ते, त्या जिल्हाधिकाऱ्याने घातलं चुलीत." तिने लिंबाला हात टेकला. "काळजी करू नकोस. मी सकाळीच अथेन्सला लाइन लावून मंत्र्यांची सगळी यादी ऐकून घेतलीय. सेनापतीही. राजघराण्यातही कोणी नाही. एकही अनार्गिरोस नाही."

लेमोनियाला काय वाटावं ते कळेना. तेवढ्यात कोस्तास बाहेर आला. लोक वाटेत त्याचा हात धरून दाबत होते, न्हाव्याने तर त्याच्या गालाचा मुका घेतला, आणि तो त्या सगळ्यातून एखाद्या निवडून आलेल्या माणसासारखा अवघडून चालत होता. त्याच्यामागे व्हांगेलिस, आणि व्हांगेलिसच्या हातात मारिगोच्या लग्नाच्या चादरीच्या उरल्या तुकड्यात गुंडाळलेलं, तेलाने चकचकीत झालेलं, रडून लाल झालेलं पोर.

"बाबा," लेमोनिया म्हणाली, "मी तुमचं नाव ठेवते म्हटलं होतं."

"ठेवलंस की," कोस्तास म्हणाला. "हेच माझं नाव. पोचायला जरा उशीर झाला."

व्हांगेलिसने पोर त्याच्या हातात दिलं. बाप्तिस्म्याआधी नावाने हाक मारायची नसते, म्हणून चार महिने त्यालाही सगळे बाळच म्हणत आले होते. कोस्तासने चादर तोंडावरून बाजूला केली.

"अनार्गिरोस," त्याने हाक मारली.

आणि नकळत, सत्तावन्न वर्षांच्या माणसाच्याच तोंडून "ओ" गेली.